मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर नेमके किती आणि वेळ किती धरावा?

सेलूकर

सर्वांना नमस्कार. आमची मुलगी नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते आणि या हिवाळ्यात आम्ही दोघे पहिल्यांदाच तिच्याकडे जाण्याच्या तयारीत आहोत. तयारी म्हणून मी प्रवासाचे अंतर आणि वेळ यांचा हिशेब मांडायला घेतला, पण जितके शोधावे तितका गोंधळ वाढत आहे. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर एका ठिकाणी १३,५११ दिसते, दुसऱ्या ठिकाणी ८,३९५ आणि तिसऱ्या ठिकाणी ७,२९५. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर पहिल्या आकड्यावरून १५ तास येतात, मात्र तिकीट काढून देणारे गृहस्थ थेट विमान मिळाले तरी १६ ते १७ तास धरा असे सांगतात. त्यांनी दाखवलेल्या नमुन्याच्या वेळापत्रकात तर मुंबईहून पहाटे ४ वाजता निघून त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पोहोचायचे आहे. यातले काय खरे मानावे?

दुसरा प्रश्न घरगुती आहे. सेलूहून मुंबई गाठावी की हैदराबाद? आमच्या वडिलांच्या पिढीला दवाखान्यापासून लग्नाच्या खरेदीपर्यंत सगळ्यासाठी हैदराबादच आठवायचे, आणि आजही घरात त्याच बाजूने मत आहे.

खडकेश्वर

काका, तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला किलोमीटरमध्ये आहे, दुसरा आपल्या नेहमीच्या मैलांमध्ये आणि तिसरा सागरी मैलांमध्ये. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, तर सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलात आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलात मोजतात, कारण पृथ्वीच्या पृष्ठभागावरील एक मिनिट अक्षांश म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल होतो आणि नकाशावर हिशेब सोपा जातो. तुम्ही तिन्हींपैकी १३,५११ किलोमीटर धरा. वेळेचा प्रश्न मात्र एवढ्या सोप्या भागाकाराने सुटणारा नाही, त्यावर जाणकारांनी लिहावे.

भूगोलाचे गुरुजी

१३,५११ हा आकडा कुठून येतो, ते आधी पाहू, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. हे अंतर गोलावरील लघुतम मार्गाचे आहे, ज्याला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. आपल्या शाळांच्या भिंतींवर टांगलेल्या सपाट नकाशावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर रेषा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते आणि सगळ्यांची समजूत तशीच होते. नकाशाऐवजी पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोके धरा आणि दोरा ताणा. तो मुंबईहून पश्चिमेला जातच नाही. तो उत्तरेकडे, किंचित पूर्वेला झुकून निघतो, राजस्थान, पंजाब आणि लडाखवरून चीनच्या शिनजियांग प्रांतात शिरतो, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर सुमारे ७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्का व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडून खाली उतरतो.

ज्यांना हिशेब स्वतः करून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी दहावी-बारावीचे त्रिकोणमितीचे ज्ञान पुरेसे आहे. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व, तर सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ अंश उत्तर आणि १२२.३८ अंश पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या ज्या (साइन) काढून त्यांचा गुणाकार करावा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोज्या (कोसाइन) आणि रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार करून तो पहिल्यात मिळवावा. येथे रेखांशांतील फरक १९५.२५ अंश असल्याने त्याची कोज्या ऋण येते आणि बेरीज उणे ०.५२२५ होते. ही बेरीज ज्या कोनाची कोज्या आहे तो कोन १२१.५ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर पडतात, म्हणून गुणाकार १३,५११ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे काटेकोर मोजणीत थोडे किलोमीटर इकडेतिकडे होतात, पण प्रवाशाने त्याची फिकीर करू नये.

आता आपल्या मराठवाड्यापुरती एक गंमत सांगतो. हेच गणित छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळासाठी केले, तर सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,३६० किलोमीटर येते. नांदेडसाठी सुमारे १३,३७०. म्हणजे आपण मुंबईला जातो तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर जातो. दोरा उत्तर-ईशान्येकडे निघत असल्यामुळे पश्चिमेला सरकण्याचा काहीच लाभ होत नाही.

हिंगोलीकर

गुरुजी, आपले गणित मान्य आहे, पण दोन शंका राहतात. पहिली अशी, की न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे का? दुसरी शंका मला लहानपणापासून आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान पश्चिमेकडे उडाले तर अमेरिका स्वतःहून त्याच्याकडे येत राहील आणि प्रवास लवकर संपेल. प्रत्यक्षात मात्र न्यूयॉर्कला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी लागतो, असे सगळे सांगतात. हे उलटे कसे?

भूगोलाचे गुरुजी

न्यूयॉर्कच्या बाबतीत दोरा मुंबईहून उत्तर-वायव्येला निघतो. मुंबईहून ते अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे आणि चिकलठाण्याहून सुमारे १२,५८०. दोन्ही विमानतळांमध्ये हवाई अंतर २८० किलोमीटरचे असूनही न्यूयॉर्कचे अंतर फक्त ४० किलोमीटरने बदलते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे, की विमान जमिनीवर उभे असतानाच पृथ्वीबरोबर पूर्वेकडे जात असते. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १,५८० किलोमीटर आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. विमान त्या हवेत उडते, त्यामुळे जमीन त्याच्याखालून आपोआप सरकत नाही. जाण्यायेण्याच्या वेळेत जो फरक पडतो तो वाऱ्यामुळे पडतो. पृथ्वीच्या फिरण्याचा त्या वाऱ्यांच्या दिशेवर परिणाम होतो, एवढाच तिचा संबंध. वाऱ्याबद्दल मी थांबतो, कारण या मंचावर त्या खात्यातील सदस्य आहेत.

उड्डाणवही

गुरुजींनी बोलावलेच आहे, म्हणून लिहितो. विमानांच्या मार्गांचे आणि इंधनाचे नियोजन करणे हे माझे रोजचे काम आहे. प्रवासी अंतर विचारतात तेव्हा त्यांच्या मनात एकच संख्या असते, परंतु आमच्या टेबलावर तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे गुरुजींचा दोरा. दुसरी म्हणजे त्या दिवशी जमिनीवरून प्रत्यक्ष कापायचे अंतर, जे दोऱ्यापेक्षा नेहमी जास्त असते. आणि तिसरी, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हवेतून कापायचे अंतर. विमान हवेच्या सापेक्ष ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. मागून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १,००० होतो आणि समोरून असेल तर ८०० होतो. इंधन आणि वेळ दोन्ही हवेतल्या अंतरावर ठरतात.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमके जेथे प्रवासी विमाने उडतात तेथे, मध्य अक्षांशांमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वारे असतात, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि ध्रुवाकडची थंड, त्या तापमानातील फरकातून ते निर्माण होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो आणि प्रवाहही जोर धरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले एक बोइंग ७४७ वादळाच्या काळातील अशाच प्रवाहावर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. मुंबई-लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, पण तिकडे जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात आणि परतताना त्याहून सुमारे तासभर कमी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत याहून मजेदार प्रकार आहे, कारण ते शहर भारतापासून पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला आहे. दिल्लीहून तेथे जाताना अटलांटिकवरून गेले तर मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने तेच विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून पाठवले. मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा झाला, म्हणजे १,४०० किलोमीटर वाढले, तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले. भागाकार करून पाहा, जमिनीवरचा सरासरी वेग ताशी १,०५० च्या घरात जातो. आता त्याशेजारी सिंगापूर-न्यूयॉर्क ही जगातील सर्वांत लांब नियमित सेवा ठेवा. तेथेही लघुतम अंतर सुमारे १५,३५० किलोमीटरच आहे, पण वेळापत्रकात १८ तासांहून अधिक लिहावे लागतात. किलोमीटर जवळपास तेवढेच आणि वेळेत चार तासांची तफावत!

त्याही पुढचे उदाहरण हवे असेल तर नोव्हेंबर २००५ मधले घ्या. बोइंगने आपले ७७७-२०० एलआर विमान हाँगकाँगहून लंडनला नेले, पण नेहमीच्या पश्चिमेकडील वाटेने नव्हे, तर पूर्वेकडून, प्रशांत महासागर, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून. ते २२ तास ४२ मिनिटांत २१,६०२ किलोमीटर न थांबता उडाले. हाँगकाँग-लंडन लघुतम अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. अर्थात तो विक्रमाचा खटाटोप होता, धंद्याचा नव्हता.

सेलूकर

आपण सर्वांनी फार तपशिलाने लिहिले, आभारी आहे. उड्डाणवही साहेब, आपण म्हणता की प्रत्यक्ष मार्ग दोऱ्यापेक्षा नेहमी जास्त असतो. वारा अनुकूल करून घेण्यासाठी वळसा घेतात हे समजले. पण वारा नसता तर विमान गुरुजींच्या दोऱ्यावरूनच गेले असते का?

उड्डाणवही

नाही, काका. त्या दोऱ्याच्या वाटेवर लडाख आणि त्यामागे तिबेट-शिनजियांगचे पठार आहे. विमानाच्या आतील हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान सुमारे १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर उंचीवर आणावे लागते, कारण वरून खाली पडणाऱ्या मुखवट्यांमधला प्राणवायू प्रवाशांना साधारण १२ ते १५ मिनिटेच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे खाली उतरायला जागाच नाही. म्हणून नियमित मार्ग तो प्रदेश बहुतांशी टाळतात, किंवा सुटकेच्या वाटा आधी आखून ठेवूनच त्याच्या कडेने जातात.

दुसरी अडचण आकाशाच्या सीमांची. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच झाले होते. त्याचा फटका दिल्ली-अमृतसरच्या उड्डाणांना अधिक बसतो, कारण त्यांना आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून वळावे लागते. मुंबईच्या विमानांना समुद्र समोरच असल्याने वळसा कमी पडतो. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. त्यामुळे त्याच दोन विमानतळांदरम्यान दोन कंपन्यांचे मार्ग वेगळे असू शकतात. कोणते आकाश कधी बंद होईल आणि कधी उघडेल हे सांगता येत नाही, म्हणून गेल्या वर्षीच्या कुणाच्या अनुभवावरून या वर्षीचा वेळ ठरवू नका.

तिसरे कारण इंजिनांचे. आजची बहुतेक लांब पल्ल्याची विमाने दोन इंजिनांची असतात आणि एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत पोहोचता येईल असा विमानतळ वाटेवर असावाच लागतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले, ते अशाच एका नियोजित पर्यायी विमानतळावर. प्रवाशांचे हाल झाले, पण नियम किती मोलाचा आहे हेही तेव्हा दिसले.

राहिला थेट सेवेचा प्रश्न. १३,५०० किलोमीटर हा पल्ला लहान नाही. बोइंग ७७७-३०० ईआरची कारखान्याने सांगितलेली मर्यादा सुमारे १३,६५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून काठावरचे गणित होते. ७७७-२०० एलआर सुमारे १५,८०० किलोमीटर जाऊ शकते. वळसे वाढले की कंपन्यांना कमी सामान घ्यावे लागते किंवा मध्ये इंधनासाठी उतरावे लागते, आणि मग अशा सेवा चालू-बंद होत राहतात. तिकीट घेताना ‘थेट’ या शब्दावर विसंबून न राहता मध्ये कोठे थांबा आहे का, हे वेळापत्रकात पाहावे.

लातूरची लेक

मी वेळापत्रकाबद्दल थोडी भर घालते. तिकिटावर जो कालावधी लिहिलेला असतो तो हवेतल्या वेळेचा नसतो. विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून ते पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि रांगेत खोळंबा होतो. सॅन फ्रान्सिस्कोला समांतर धावपट्ट्या एकमेकींपासून अवघ्या ७५० फुटांवर आहेत आणि तेथील प्रसिद्ध धुक्यात दोन विमाने शेजारीशेजारी उतरवणे शक्य होत नाही. कंपन्या हे सगळे गृहीत धरून वेळ लिहितात. तुमचा भागाकार १५ तास दाखवतो आणि तिकीटवाले १६ ते १७ सांगतात, त्यातील बराचसा फरक येथे आणि वळशांमध्ये जातो.

लहान पल्ल्यावर हे फार ठळक दिसते. चिकलठाणा ते मुंबई २८० किलोमीटर, म्हणजे पूर्ण वेगाने वीस मिनिटांहून कमी, पण वेळापत्रकात तासाभराचे उड्डाण असते. चढणे, उतरणे आणि जमिनीवर सरकणे यातच वेळ जातो.

एक थांबा घेऊन जायचे असेल तर अंतर कसे बदलते, तेही मी गुरुजींच्या सूत्राने काढून पाहिले. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,०२० मिळून सुमारे १४,९५० किलोमीटर. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० आणि ९,१५० मिळून सुमारे १५,७००. सिंगापूरमार्गे ३,९२० आणि १३,५८० मिळून १७,५००. यातली दोन निरीक्षणे मला विशेष वाटली. दुबईला जाऊन आपण जवळजवळ दोन हजार किलोमीटर पश्चिमेला सरकतो आणि सॅन फ्रान्सिस्को केवळ पाचशे किलोमीटरने जवळ येते. दुबईहून निघणारा दोरा तर उत्तर ध्रुवापासून सुमारे २०० किलोमीटरवरून जातो. आणि सिंगापूर मुंबईच्या कितीतरी पूर्वेला असूनही तेथून सॅन फ्रान्सिस्को जवळपास तितकेच लांब आहे.

तेव्हा वयस्कर प्रवाशांनी एकूण किलोमीटरपेक्षा सर्वांत लांब सलग टप्पा पाहावा, असे माझे मत आहे. दुबईमार्गे गेले तरी एक टप्पा १३,००० किलोमीटरचा, म्हणजे सुमारे १५-१६ तासांचा उरतोच. फ्रँकफर्टमार्गे अंतर जास्त आहे, पण साडेआठ-नऊ आणि साडेअकरा तास असे दोन सुसह्य तुकडे पडतात. पाय सुजण्याचा किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना हे अधिक मानवते. मात्र युरोपमार्गे जाताना मधल्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी तपासावेत.

हिंगोलीकर

मग सेलूकर काकांनी हैदराबादहून जावे की मुंबईहून? दोन्हीकडून अंतर किती पडते, हेही कोणी सांगावे.

लातूरची लेक

हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा दोरा सुमारे १३,५४० किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबईशी बरोबरीच म्हणायची. थांबा कोठे आहे त्यावर मात्र फरक पडतो. दुबई हैदराबादहून सुमारे २,५५० किलोमीटर आहे, मुंबईपेक्षा ६२० ने जास्त. उलट सिंगापूर हैदराबादहून सुमारे ३,३०० किलोमीटर आहे, मुंबईपेक्षा ६१५ ने कमी. म्हणून आखाताकडून जाणार असाल तर मुंबई आणि सिंगापूरकडून जाणार असाल तर हैदराबाद. दोन्हींत हवेतला फरक पाऊण तासाचाच आहे, त्यामुळे खरा निर्णय जमिनीवरच्या प्रवासावर करावा.

खडकेश्वर

जमिनीवरच्या प्रवासाचे मी सांगतो. सेलू हे मनमाड-परभणी मार्गावरचे स्टेशन असल्याने काकांना देवगिरी एक्सप्रेस दोन्ही दिशांना मिळते. मुंबईकडे जाताना रात्री बसून सकाळी ठाणे किंवा दादरला उतरता येते. सिकंदराबादकडचा प्रवास दिवसाचा पडतो आणि तेथून शमशाबादचा विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेला आहे. नांदेड-मुंबई वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून सुरू आहे, ती परभणी किंवा जालन्याहून पकडता येईल. मोटारीने जाणार असाल तर जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागावे. जून २०२५ पासून तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे, पण आमणे ते विमानतळ या अखेरच्या टप्प्याला पुरेसा वेळ ठेवावा. मी स्वतः मुंबईला भारी वाहतुकीत अडकून धास्तावलेलो माणूस असल्याने रेल्वेचाच पक्ष घेईन.

काका, पहाटे ४ चे विमान असेल तर ३ तास आधी, म्हणजे रात्री १ वाजता विमानतळावर असायला हवे. याचा अर्थ देवगिरीने आदल्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचून पूर्ण दिवस नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन काढावा लागेल. वंदे भारत दुपारी पोहोचत असल्याने तिचे गणित अधिक चांगले जुळते. आणखी एक, चिकलठाण्याहून मुंबईला विमानाने जाऊन पुढचे विमान पकडायचे असेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत मिळणे अवघड होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले आहे, तेव्हा तिकिटावर मुंबईचा कोणता विमानतळ लिहिला आहे, तेही नीट वाचावे.

सेलूकर

मुंबईचा निर्णय पक्का झाला, घरातही सर्वांनी मान्य केला. आता पहाटे ४ ला निघून साडेसहाला पोहोचण्याचे कोडे तेवढे कोणी उलगडावे. परतीचे रेल्वे आरक्षण आत्ताच करून ठेवायचे आहे आणि मुंबईत आम्ही कोणत्या तारखेला उतरू, हेच मला नक्की करता येत नाही. थेट विमान न मिळाल्यास एका थांब्यासह एकूण २२ तासांचा पर्याय दाखवत आहेत.

उड्डाणवही

वेळापत्रकात प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेबारा तास. मुंबईहून पहाटे ४ ला निघून १६ तास उडालात, तर आपल्याकडे रात्रीचे ८ वाजलेले असतील. त्यातून साडेतेरा तास वजा केले की सकाळचे साडेसहा उरतात, आणि तारीख तीच.

परतीला उलटे करा. समजा, तुम्ही जानेवारीत ५ तारखेला सकाळी १० वाजता सॅन फ्रान्सिस्कोहून निघालात. त्या वेळी सेलूत ५ तारखेचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. थेट विमानाने १६ तास लागले तर मुंबईत ६ तारखेला दुपारी साडेतीनला उतराल. थांब्यासह २२ तास लागले तर ६ तारखेला रात्री साडेनऊला. पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत आणखी दीड-दोन तास जातील, म्हणून दुसऱ्या पर्यायात ६ तारखेच्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण करू नका, ७ तारखेचे करा. थेट विमान असेल तर ६ तारखेची देवगिरी साधू शकते, तरीही तिकीट परत करता येईल असेच घ्या.

तुमचा मुक्काम लांबला आणि परतणे मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर आले, तर तिकडची घड्याळे एक तास पुढे केलेली असतील. मग सकाळी १० ला निघूनही थेट विमान मुंबईत दुपारी साडेतीनऐवजी अडीचला पोहोचेल. प्रवासाचा वेळ मात्र तेवढाच राहील.

सेलूकर

समजले. दुसऱ्या पर्यायाचे तिकीट निघण्याची शक्यता जास्त दिसते, त्यामुळे ७ तारखेच्या देवगिरीचे आरक्षण करतो. फ्रँकफर्टमार्गे जाण्यासाठी व्हिसाचे नियम मुलीला तपासायला सांगितले आहेत.